मुंबईवर बॉम्ब पडला नव्हता, पण आप्पा निघाले होते

“माझे वडील, आप्पा, ८९ वर्षांचे आहेत. त्यांचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. १९४२ साली, सहा वर्षांचे असताना, जपानी बॉम्ब टाकणार म्हणून त्यांना आणि थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या माई आत्याला, निफाड तालुक्यात मामाच्या गावी पाठवलं. आजी-आजोबा आणि तान्हा काका मुंबईतच राहिले. दोन-अडीच वर्षं ही दोघं मामाकडे होती. आम्ही लहान असताना आप्पा यातलं कधी काही बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी माई आत्या गेली आणि त्यानंतर मात्र रोज तेच.

या दिवाळीत सगळे जमलो होतो. मुंबईवर बॉम्ब पडला तेव्हा मामाच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, आभाळ लाल झालेलं पाहिलं, असं आप्पा सांगत होते. माझा भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून सगळ्यांदेखत सांगितलं, ‘आजोबा, मुंबईवर एकही बॉम्ब पडला नव्हता.’ मग ‘गावची शाळा अंधारात भरायची’ यावरही पोरं हसली. आप्पा उठून खोलीत गेले. तेव्हापासून जेवतात, पेपर वाचतात, पण गप्प आहेत.

एकदाच माझ्याशी बोलले. ‘आईने धाकट्याला ठेवलं आणि मला टाकलं.’ मी म्हटलं, अहो आप्पा, तुमच्या भल्यासाठीच पाठवलं ना! त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मामीबद्दलही अढी आहे. ‘भाकऱ्या मोजून वाढायची’ म्हणतात.

रात्री उशाशी एक पिशवी भरून ठेवतात. स्वेटर, चष्मा, पुरचुंडीत शेंगदाणे. हे आम्ही कळत्या वयापासून बघतोय. पण गेल्या महिन्यात दोनदा मध्यरात्री उठून ‘गाडी चुकेल’ म्हणत दाराची कडी काढायला गेले.

त्यांना मामाचं गाव बघायचंय. दादा म्हणतो, वाडा पडलाय, तिथे काही उरलं नाही, उगाच त्रास होईल. आप्पा खोटं सांगतायत का? त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या, तर खरं काय ते ठरवायचं कसं?”

– एक लेक, गंगापूर रोड, नाशिक

ताई,

आधी ते मध्यरात्रीचं दार. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबू देऊ नका. पिशवी भरायची सवय पन्नास वर्षांची आहे, तिला हात लावू नका. दाराकडे जाणं मात्र महिन्याभरातलं आहे. या वयात रात्री अचानक गोंधळ उडायला लागला, तर त्यामागे लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम किंवा साखर कमी होणं, नवी सुरू केलेली एखादी गोळी अशी साधी आणि बरी होणारी कारणं असू शकतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. घरबसल्या ते तुम्हाला कळणार नाही आणि मला तर नाहीच. नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. तोवर बाहेरच्या दाराला वर एक कडी आणि पॅसेजमध्ये रात्रभर एक छोटा दिवा. पुन्हा उठलेच, तर ‘कुठली गाडी? झोपा आता’ म्हणू नका. ‘गाडीला अजून वेळ आहे, आप्पा’ म्हणा आणि पाणी द्या.

आता तुमचा भाचा. तो म्हणाला ते खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूचा बॉम्ब पडला नाही. पण मोबाइलवर त्याने जो प्रश्न टाकला, तेवढ्याचंच उत्तर त्याला मिळालं. मुंबई का रिकामी होत होती, हे त्याने विचारलंच नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. मार्चमध्ये रंगून गेलं आणि ब्रह्मदेशातून माणसं पायी चालत हिंदुस्थानात यायला लागली. ५ एप्रिलला कोलंबोवर बॉम्ब पडले आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. आता गिरगावातल्या तुमच्या आजोबांच्या जागी बसून बघा. समुद्र चार पावलांवर, गोदी फार तर तासाभराच्या चालीवर. खिडक्यांना काळे कागद लागलेत, भोंग्याच्या तालमी चालल्यात आणि शेजारच्या खोलीतलं बिऱ्हाड कालच कुलूप लावून गावाला गेलंय. ‘विशाखापट्टण झालं, आता मुंबई’ असं कोणी म्हटलं तर कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? कोकणात, घाटावर, गुजरातेत ज्याला जिकडे घर होतं, तिकडे त्याने बायकामुलं पाठवली. इंग्लंडात १९३९ च्या सप्टेंबरात सरकारने पहिल्या तीन दिवसांत जवळपास पंधरा लाख माणसं शहरांतून हलवली. त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी पोरं, कोटाला नावाची चिठ्ठी अडकवलेली. आपल्याकडे मुलांसाठी असली काही योजना नव्हती. आपल्याकडे मामा होता.

मग लाल आभाळ? १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी, चार वाजून गेल्यावर, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज फुटलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्यासोबत कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटासुद्धा. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले, जळता कापूस वस्तीवर पडला, शेकडो माणसं गेली. आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्या दिवशी मेलेल्या बंबवाल्यांसाठी. पहिले काही तास खुद्द मुंबईतल्याच कितीतरी लोकांना वाटत होतं की जपान्यांनी हल्ला केला. त्यात युद्धातली सेन्सॉरशिप. सविस्तर बातम्या बाहेर पडायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. महिनाभर गावागावांत पोचली असेल ती फक्त मुंबईहून आलेल्या माणसांच्या तोंडची हकिकत. तेव्हा ‘मुंबईवर बॉम्ब पडला’ हे वाक्य आप्पांनी आठ वर्षांचे असताना मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं असणं अगदी शक्य आहे. त्यांच्या पदरचं ते नसावं.

निफाडच्या धाब्यावरून मात्र ती आग दिसणं शक्य नाही. मध्ये पावणेदोनशे किलोमीटर आणि सह्याद्री आहे. लाल उजेड त्यांनी पाहिला असेल तो कशाचाही असेल: गुऱ्हाळाच्या चुलाणाचा, पेटवलेल्या पाचटाचा, होळीचा. कधीतरी पाहिलेला उजेड आणि कधीतरी ऐकलेली हकिकत, ऐंशी वर्षांत एकमेकांत मुरली. असं सगळ्यांचंच होतं. माझंच सांगते. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, मी आठ वर्षांची होते. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखाना, त्यामुळे नाशिकमध्ये काळोखाची शिस्त कडक होती. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या घरात काचांना खाकी कागद चिकटवले होते आणि खळ कमी पडली म्हणून आईने कणकेची पेज केली होती. एका रात्री घरावरून विमान गेलं आणि आजीने मला लाकडी पेटीमागे दडवलं. हे मी चाळीस वर्षं सांगत आले. मग एका लग्नात थोरला भाऊ म्हणाला, “अगं, तू कुठे होतीस? तुला गोवर आला होता, तुला महिनाभर धुळ्याला मावशीकडे ठेवलं होतं. पेटीमागे मी होतो.” मला अजूनही त्या पेटीचा वास येतो, कापराचा. पेटी धुळ्याला नेली होती की काय कोण जाणे!

आणि ज्याच्यावर पोरं सगळ्यात जास्त हसली, ते तर सरळ सरळ खरं निघण्यासारखं आहे. शाळा अंधारात भरायची. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशभर घड्याळं एक तास पुढे केली होती. १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तोच युद्धकाळचा टाइम होता. थंडीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे-मागे उगवतो, म्हणजे त्या घड्याळात आठच्या. मास्तरांनी सरकारी घड्याळाने साडेसातला घंटा दिली, तर पोरं झुंजूमुंजू व्हायच्या आतच पाटी घेऊन बसणार. आजोबांना मोबाइल दाखवणाऱ्या भाच्याला एवढं शोधायला सांगा. ‘सॉरी म्हण’ असं मात्र फर्मावू नका. विशीतल्या मुलाच्या तोंडून जबरदस्तीची माफी आली की ती ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. तो स्वतः जाऊन ‘आजोबा, ते अंधाराचं तुमचं बरोबर होतं, घड्याळंच पुढे होती’ एवढं म्हणाला तर आप्पांचं कुलूप निघेल असं मला वाटतं. नाही निघालं, तर घाई नको.

तुमच्या पत्रातली जी ओळ मी तीनदा वाचली, ती तुम्ही ओघात लिहून गेलात. माई आत्या गेली आणि मग आप्पा बोलायला लागले. अख्खा जन्म त्यांना हे कोणाला सांगायची गरज नव्हती, कारण जिला सगळं ठाऊक होतं ती होती. राखीपौर्णिमेला भेटल्यावर दोघांनी त्यावर एक शब्द बोलला नसेल तरी चालत होतं. आता ‘हो रे, तसंच होतं’ म्हणणारं कोणी नाही. म्हणून ते तुम्हाला सांगत होते, रोज, तेच तेच. आणि दिवाळीत भरल्या घरात उत्तर आलं, असं झालंच नव्हतं.

म्हणून ‘खोटं सांगतायत का’ हा प्रश्न तुम्ही सोडून द्यावा असं मी म्हणेन. त्यांना परीक्षक नकोय, माई हवीय. ती तुम्ही होऊ शकत नाही. पण आत्याच्या घरी तिच्या मुलींना विचारा. ट्रंकेच्या तळाशी एखादं कार्ड, एखादा फोटो, तिने लेकींना सांगितलेली एखादी गोष्ट. ‘माई आत्याही हेच सांगायची’ असं एक जरी वाक्य तुम्हाला खरोखर मिळालं, तर ते आप्पांना नेऊन द्या. मिळालं नाही तर रचू नका. त्यांना लगेच कळेल.

‘आईने मला टाकलं.’ यावर तुम्ही जे बोललात ते कोणीही लेक बोलली असती. पण ‘तुझ्या भल्यासाठी’ हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा सहाव्या वर्षी ऐकलंय, बहुधा बोरीबंदरच्या फलाटावर. तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही, तो आता काय होणार? लंडनमध्ये त्याच युद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. रोज मुलांमध्ये राहून त्यांनी नोंदवलं की बॉम्बच्या भीतीपेक्षा आईपासून तुटणं पोरांना फार जास्त लागतं. आई जवळ असली तर बॉम्बखालीही मूल बऱ्यापैकी तग धरतं. आप्पांच्या वाट्याला नेमकं उलटं आलं: बॉम्ब नाही आणि आईही नाही. वर मुंबईवर शेवटपर्यंत काही पडलंच नाही, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ती अडीच वर्षं फुकट गेली. भाच्याचं वाक्य एवढं का लागलं ते यात बघा. तो जे सहज बोलून गेला, त्याचा अर्थ आप्पांच्या कानी ‘तुम्हाला उगाच पाठवलं होतं’ असा पडला.

तेव्हा आजीची वकिली करू नका. ती बाई कुठल्या अडचणीत होती हे तुम्हाला मला कळतं: तान्हं अंगावर, नवऱ्याची नोकरी मुंबईत, त्याला टाकून जाता येत नाही, अंगावरचं पोर दूर ठेवता येत नाही. आप्पांनाही डोक्याने कळतं. स्वतः बाप झाल्यावर कधीच कळलं असेल. पण बोलतो तो आतला सहा वर्षांचा मुलगा, आणि त्याला कोणी विचारलंच नाही की पहिल्या रात्री तू कुठे झोपलास? कोणाच्या पांघरुणात? आई भेटायला कधी आली, आली तेव्हा काय आणलं, परत जाताना तू कुठे होतास? असं काही विचारा आणि मग गप्प बसा. रडले तर रडू द्या. ८९ व्या वर्षी आईवर रागावण्याचा हक्क माणसाला असतो, त्याने आजीचं काही जात नाही.

मामीचं थोडं वेगळं आहे. तिथे तुम्ही चार शब्द बोललात तर चालेल, पण समजूत घालण्याच्या सुरात नको, माहिती म्हणून. ब्रह्मदेश गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं, बंगालात माणसं उपासमारीने मेली, धान्याचे भाव सगळीकडे चढले. रॉकेल मिळेना, सुटे पैसे मिळेनात. अशा दिवसांत आपल्या पोरांच्या ताटाशेजारी आणखी दोन ताटं मांडायची, तीही किती दिवस ते ठाऊक नसताना. त्या बाईने भाकऱ्या मोजल्या असतील. सगळ्यांच्याच मोजल्या असतील. पाहुण्या पोराला मात्र आपलीच मोजली जाताना दिसते. आणि सांगून ठेवते, मामाच्या पतवंडांकडे या गोष्टीची दुसरी बाजू निघू शकते: मुंबईची दोन पोरं आली आणि आमच्या आजोबांच्या वाटणीची भाकरी अर्धी झाली. गावी गेल्यावर ती ऐकू आली तर दोघांपैकी कोणालाच खोडायला जाऊ नका.

लिहून ठेवण्याचं विचारलंत. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर आप्पांचे शब्द, जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत. उजवं पान रिकामं सोडा. त्यावर पुढे कधीतरी तुम्हाला जे पक्कं सापडेल ते लिहा: घड्याळ पुढे केल्याची तारीख, जहाज फुटल्याची तारीख. डावं पान दुरुस्त करायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. लाल आभाळ डावीकडे लाल आभाळच राहील. हे मी स्वतः शिकले ते उशिरा. माझ्या सासूबाईंच्या आठवणी मी ‘शुद्ध’ करून लिहिल्या आणि आता त्यात सासूबाई कुठेच नाहीत.

तारखा विचारू नका, वस्तू विचारा. सहा वर्षांच्या मुलाकडे कॅलेंडर नसतं, खिसा असतो. उदाहरणार्थ विचारा, भोकाचा पैसा आठवतो का? तांबं वाचवायला सरकारने तो १९४३ मध्ये काढला. पोरं तो करदोट्यात ओवायची. मामाच्या घरी तो त्यांच्या कमरेला होता असं निघालं, तर ते १९४३ मध्ये किंवा त्यानंतरही गावीच होते हे तुम्हाला न विचारता कळलं. कंदिलात काय जळायचं? भाकरी बाजरीची की ज्वारीची? उतरलात ते स्टेशन निफाड की कसबे सुकेणे, आणि तिथून पुढे बैलगाडी की पायी? देवळालीला गोऱ्या सोल्जरांची मोठी छावणी होती, गाडीत किंवा नाशिकरोडच्या फलाटावर ते दिसले का? एका बैठकीला दोनच प्रश्न. संध्याकाळी नको, सकाळच्या चहानंतर, डोकं ताजं असताना. भाच्याला मोबाइलवर आवाज टिपायला बसवा, त्याच्या हाताला काम लागेल. पण आप्पांना आधी विचारून. चोरून नाही.

गावाला न्यायचं की नाही? न्या. दादाचं म्हणणं मला पटलं नाही, जरी ते मायेपोटी असलं तरी. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडची सुमारे पाच हजार निर्वासित माणसं राहिली, त्यात पोरं पुष्कळ. त्यांच्यातली काही जणं २०१९ मध्ये, ऐंशी-नव्वदीच्या घरात असताना, पोलंडहून पुन्हा तिथे येऊन गेली. छावणीतलं फारसं काही उरलं नव्हतं. तरी आली. तुम्हाला तर नाशिकहून गाडीने तासभर लागेल.

फक्त डॉक्टरांकडून येईपर्यंत थांबा, आणि वाडा पडलाय हे आधी सांगून ठेवा. तिथे जाऊन मोकळी जागा दाखवण्यात अर्थ नाही. फोटो कोणाकडे असेल तर घरीच दाखवा, त्यांना दोन-चार दिवस त्याच्यासोबत राहू द्या. मामाच्या घरच्यांना फोन करून ठेवा. नुसतं ‘येतोय’ म्हणा, जेवणाचा बेत नको. सध्याच्या थंडीत सकाळी दहाच्या आत निघू नका. बरोबर तुम्ही आणि फार तर भाचा. दिवाळीची फौज नको. आधी स्टेशनवर थांबा, कारण स्टेशन अजून जाग्यावर आहे आणि तिथेच ते उतरले होते. त्यांनी चालायला सुरुवात केली तर चालू द्या. नाही केली तर गाडीतच बसून चहा घ्या आणि परत या, तेवढं पुष्कळ झालं.

पिशवी ते घेतीलच. घरातून निघताना ‘कशाला ती’ असं कोणी म्हणायच्या आत तीत ताजे शेंगदाणे घालून ठेवा.